तुझ्या भावाबद्दल मी जे बोलले

अमरावती, ऑगस्टमधला दुसरा रविवार, दिवेलागण

आई,

इतकी वर्षं तुला एक ओळ लिहिली नाही, माफ कर. तू गेलीस त्या वर्षी मी डायरीत तुझ्याशीच बोलत असे. मग कॉलेजचे पेपर, मुलाची शाळा, घराचं बांधकाम असं एकेक शिरत गेलं आणि डायरीत फक्त कामं उरली. आपल्या लोकांत गेलेल्या माणसाशी बोलायची रीत नाही, असंही मी स्वतःला सांगत आले. ते कारण सोयीचं होतं. आजही बसले आहे ती तुझी आठवण आली म्हणून नाही. या उन्हाळ्यात परदेशात जाऊन, भर मंडळीत उभं राहून, मी मामांबद्दल, तुझ्या सख्ख्या भावाबद्दल, एक गोष्ट सांगितली जी कधी घडलीच नव्हती. ती गोष्ट आता पातूरला त्यांच्या अंगणापर्यंत पोचली आहे. मामांची ऐंशी उलटली. आणि ते ती खरी धरून बसले आहेत.

मे महिन्यात मी केनियाला गेले होते. मिशन ट्रिप म्हणतात तिला. तुला हसू आलं असतं. तू अकोला, अमरावती, नागपूर आणि एकदा मुंबई, एवढ्यात आयुष्य काढलंस आणि तुझी मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीत समुद्र ओलांडून प्रभूचं काम करायला निघाली. वऱ्हाडातल्या दोन-तीन चर्चच्या मंडळ्यांनी मिळून एक गट केला होता. मी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते, सुट्टी असते, म्हणून मला विचारलं. मी लगेच हो म्हटलं. मनात सेवाच होती असं लिहिलं तर ते पुरतं खरं होणार नाही. आपल्या बाकांवर बसून दुसऱ्यांच्या सेवेचे फोटो बघायचा मला कंटाळा आला होता, हे जास्त खरं आहे.

तयारीचे वर्ग अकोल्याला एका सभागृहात होत. गटाचे प्रमुख तिथलेच, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. माणूस सज्जन. त्यांच्यावर मला काही ढकलायचं नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे लिहिताना मी तो प्रयत्न करीन. प्रत्येकाला आपली साक्ष तयार करायची होती. प्रभूला भेटण्याआधीचं आयुष्य, भेट, आणि नंतरचं आयुष्य, असे तिचे तीन भाग. मी जन्मापासूनच मंडळीतली. मला 'आधी' नाहीच. मी जे लिहून नेलं होतं ते ऐकून ते बिचारे संकोचाने म्हणाले, "मॅडम, इंग्रजी उत्तम आहे. पण अंधार कुठंच दिसत नाही. मग उजेड लोकांना कसा दिसंल?" सगळे हसले, मीही हसले. मग त्यांनी विचारलं की तुमच्या घराण्यात पहिल्यांदा विश्वासात कोण आलं. मी म्हटलं, आई.

आई, तुझी साक्ष तुला आठवते का? महिन्यातून एकदा साक्षीची सभा असायची. कुणाचा नवरा दारू सोडून आलेला असायचा, कुणाला साप चावून तो वाचलेला असायचा, एकजण तर विहिरीत पडून बाहेर आला होता आणि दर वेळी विहीर थोडी खोल होत जायची. तुझी पाळी आली की तू डोक्यावरचा पदर सारखा करायचीस, उभी राहायचीस आणि म्हणायचीस, "मी दवाखान्यात कामाले आली आन् अथलीच झाली. प्रभूनं सांभाळलं." आणि खाली बसायचीस. दर वेळी तेवढंच. लोक पुढं काही येईल म्हणून क्षणभर थांबायचे, मग कुणीतरी खोकायचं. मी तुझ्या शेजारी बसून फरशीकडे बघत असे. मला लाज वाटायची तुझी. नववीत असताना एकदा मी विचारलंच, तू अंबाडी निवडत बसली होतीस, की बाकीच्यांसारखं नीट का सांगत नाहीस. तू देठं बाजूला करत म्हणालीस, "जे झालं ते सांगतलं. अजून काय त्याले फोडनी देऊ?"

ती फोडणी मी दिली.

काय झालं होतं ते मला माहीत नव्हतं असं नाही. तूच सांगितलं होतंस, तुकड्यातुकड्यांनी, कामं करता करता. तू पातूरच्या माळ्याच्या घरची पोर. फुलं आणि भाजी बाजारात नेणारं घर. अकोल्याच्या मिशन दवाखान्यात मदतनीस म्हणून लागलीस, मग नर्सिंग शिकलीस, मग बाप्तिस्मा घेतलास. घरी कळलं तेव्हा आजोबा बोलेनासे झाले. पेरणीपासून कापूस वेचणीपर्यंत बोलले नाहीत, असं तू सांगायचीस. आजी रडली. आणि मामा, तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा, तुझी पत्र्याची ट्रंक सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधून पातूरहून अकोल्याला घेऊन आले, वर आजीनं दिलेली जवसाची चटणी. पुढच्या वर्षी आजोबांच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. ऑपरेशनला त्याच दवाखान्यात आले आणि वॉर्डात दिसेल त्याला सांगू लागले, "हे नर्स माही पोरगी होय." झालं, संपलं. ना दार लागलं, ना कुणी कुणाला हाकललं. एक म्हातारा काही महिने रुसला आणि मग त्याला दिसायला लागलं.

प्रमुखांनी विचारलं, घरून विरोध झाला असेल ना? मी सांगितलं की आजोबा काही महिने बोलत नव्हते. ते खुर्चीत पुढे सरकले. "हे आहे ना मॅडम! घराचे दरवाजे बंद झाले, असंच म्हणायचं ना हे?" मी म्हटलं, हो, एका अर्थानं. पहिल्या वेळी मी ते वाक्य म्हटलं तेव्हा जिभेला काहीतरी लागलं. दुसऱ्या वेळी सहज आलं. त्यानंतर त्यांनी काहीच सुचवलं नाही, आई. बाकीचं माझं. पाऊस मी घातला. तू संध्याकाळी पावसात उभी आहेस, दार आतून लागलेलं आहे, आणि तुझ्या भावानं तुझी ट्रंक अंगणात फेकली आहे. ज्या ट्रंकेला त्यांनी सुतळ्या बांधल्या, ती मी त्यांच्याच हातून चिखलात फेकवली. इंग्रजीत ते वाक्य फार छान वाटायचं. मी ते मुलांना शिकवते तसं, थांबे घेऊन म्हणत असे.

आणि हे मी कुणाबद्दल म्हटलं? भाऊबीजेला मामा आले नाहीत असं एकही वर्ष मला आठवत नाही. पहिल्या गाडीनं यायचे. हातात वांगी, मिरच्या, कोथिंबीर, आणि ओल्या फडक्यात बांधलेला झेंडू. तू पुरणाच्या पोळ्या करायचीस, कढी करायचीस, आणि स्वयंपाकघर-बैठक यांच्या मधल्या दारात त्यांच्यासाठी पाट मांडायचीस. एका वर्षी पाळकसाहेब अचानक आले. ताटात कुंकू बघून ते तुला हळूच, पण माझ्यासमोर, बरंच काही बोलले. पुढच्या वर्षी तुझ्या ताटात कुंकू नव्हतं, अक्षता नव्हत्या. तू ताट हातात घेऊन नुसतीच उभी राहिलीस. मामांनी वर बघितलं, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "टिया, कुकू राहू दे बाई. दिवा तं फिरव." तेव्हापासून आपल्याकडे नुसता दिवा. मोठी झाल्यावर संडे स्कूलमध्ये काय काय शिकून मी मामांच्या मुलाला ओवाळायला नकार दिला, हे चुकीचं आहे म्हणाले. तू मला आत नेलंस. मारशील असं वाटलं होतं. तू फक्त विचारलंस, "भावाले दिवा दाखवाले कोनता देव लागते?" मी बाहेर येऊन ओवाळलं. मामांचा मुलगा सगळा वेळ मला वाकुल्या दाखवत होता.

आता तिकडचं. पश्चिमेला, उसाच्या आणि मक्याच्या शेतांत एक गाव. तांबडी माती, रोज दुपारी पाऊस, बुटांना चिखलाचे थर. आम्ही मुलांना गाणी शिकवली, शाळेची एक भिंत रंगवली, हात कसे धुवायचे याचं नाटक बसवलं, जे तिथल्या मुलांना आधीपासून येत होतं. पहिल्याच रविवारी कळलं की आम्ही ज्यांना प्रभूबद्दल सांगायला आलो होतो ती माणसं पणजोबांपासून ख्रिस्ती आहेत. त्यांचं गाणं सुरू झालं तेव्हा आम्ही सगळे आपापल्या वह्या मिटून उभे राहिलो. त्यांना आमच्याकडून शिकवण नको होती. त्यांना भारतातली गोष्ट हवी होती. जिथं विश्वास ठेवायला किंमत मोजावी लागते अशी. आणि ती माझ्याकडे होती. माझ्या इंग्रजीचं त्यांच्या भाषेत करायला एक शिक्षक शेजारी उभे होते. मी एक वाक्य बोलायचे, ते बोलायचे, आणि मग मागून हुंकार यायचा. ट्रंकेच्या वाक्याला बायका 'आह' म्हणाल्या. तुझ्या साक्षीनंतर कुणीतरी खोकायचं ना, तशी शांतता नव्हती ती. आपल्या गटातला एक तरुण हे सगळं मोबाइलवर घेत होता. मला ते दिसत होतं.

इथवरचं एक वेळ मी गटावर, प्रशिक्षणावर, कशावर तरी घालीन. पुढचं नाही घालता येत. मी ज्या घरी उतरले होते तिथली म्हातारी तुझ्याच वयाची, म्हणजे तू आज असतीस तर असतीस त्या वयाची. त्या दिवशी दुपारी ती चुलीजवळ चपात्या लाटत होती. तिथं चपात्या करतात, आई, तेल लावून, पदराच्या, पाहुणा आला की. मी बटाटे सोलत होते. तिची सून इंग्रजी जाणायची, ती मध्ये बसून सांगायची. म्हातारीनं सकाळची माझी साक्ष ऐकली होती आणि तिच्या मनातून ती जात नव्हती. त्यांच्यात आईच्या भावाचा मान मोठा. लग्न असो, दफन असो, तो आल्याशिवाय पुढं होत नाही. तिनं लाटणं थांबवून विचारलं, तुझी आई वारली तेव्हा तरी तो आला ना?

तिथं कॅमेरा नव्हता. प्रमुख नव्हते. कुणालाही अंधार-उजेड काही नको होतं. एका म्हातारीला फक्त हो ऐकायचं होतं, आणि हो खरं होतं. तुझ्या दफनाला मामा छोट्या टेंपोतून आले, मागं निम्मा टेंपो शेवंती. तुला खांदा दिला. कबरेपाशी माती टाकायची वेळ आली तेव्हा मागे उभे राहून त्यांनी मला विचारलं, "मले टाकता येते ना वं माती, का तुमच्याच लोकाईले?" मी त्यांचा हात धरून पुढं नेलं. त्यांनी मूठभर टाकली, मग फावडं मागून घेतलं आणि शेवटपर्यंत हातातलं सोडलं नाही. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर त्या चुलीपाशी उभं राहिलं, आणि मी म्हटलं, नाही. नाही आला.

हो म्हटलं असतं तर सकाळची गोष्ट पडली असती, म्हणून. एवढंच. म्हातारीनं हात पुसले आणि मला जवळ घेतलं. तिच्या अंगाला धुराचा आणि पिठाचा वास होता. ती रडली. मीही रडले, आणि ते रडणं खोटं नव्हतं, तू गेल्यावर मला असं कुणी धरलं नव्हतं. मला ते आवडलं, आई. हे लिहायला मला सगळ्यांत जड गेलं. तिनं मामांचं नाव विचारलं, रोज सकाळी त्यांच्यासाठी प्रार्थना करायची म्हणून, की देवानं त्या माणसाचं कठीण मन मऊ करावं. मी नाव सांगितलं. तिनं ते जिभेवर बसेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं.

जूनमध्ये परत आलो. जुलैत मंडळीनं उपकारस्तुतीची सभा ठेवली, तिच्यासाठी त्या तरुणानं एक व्हिडिओ जोडला आणि माझ्या बोलण्याखाली मराठी अक्षरं टाकली. भाषांतर चांगलं होतं, कुठंही चूक नव्हती. मी पडद्यावर ते बघितलं आणि टाळ्या वाजल्या. मग तो व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर गेला, आणि तिथून तो कुठं जाईल याचा मी विचार केला नाही. किंवा केला आणि पुढं ढकलला.

मामांची नात इथं राजापेठेत डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला आहे. हॉस्टेलवर राहते, रविवारी माझ्याकडे जेवते. तू असतीस तर ती तुझ्या पायांत घोटाळली असती, तशी बडबडी आहे. व्हिडिओ फिरत फिरत तिच्याकडे आला तेव्हा ती क्लासमध्ये होती. आवाज बंद ठेवून तिनं पहिला थोडा भाग बघितला, आत्या आफ्रिकेत माईकवर बोलून राहिली, एवढं बघून कौतुकानं बापाला पाठवून दिला. पातूरला मामांच्या अंगणात शेजारपाजारची माणसं जमली. भाची परदेशात बोलली, म्हणून मामांनीच बोलावली होती. इंग्रजी कुणाला समजेना, तेव्हा मामांचा मुलगा खालची मराठी अक्षरं मोठ्यानं वाचू लागला. अर्ध्यात त्याचा आवाज बारीक झाला, पण मामांनी थांबू दिलं नाही. संपल्यावर शेजारी एकेक करून उठून गेले. मामा बाजेवर बसून होते.

हे मला आज दुपारी कळलं. पोरगी नागपंचमीला गावी गेली होती, ती आज आली, आणि जेवताना ताटाकडे बघत बघत तिनं सांगितलं. मामा रागावले नाहीत. रागावले असते तर मी आज बरी असते. त्यांनी मुलाला एवढंच विचारलं, "दार कोनतं? पुढचं का मांगचं?" मग त्यांचं जेवण तुटलं, आणि ते रोज थोडं थोडं आठवून बघू लागले. शेवटी त्यांचं त्यांनीच जुळवलं. "त्या साली मी राखनीले मयातच झोपत होतो. बाई कवा तरी आली असन, बाबानं दार लावलं असन, ट्रंकही त्यायनंच फेकली असन, मी सायकलवर नेली ते मंगच. नाव माह्यावर आलं. आन् मले कोनी सांगतलंच नाई." भाची खोटं कशाला बोलेल, बाईनंच तिला सांगितलं असणार. देवळाच्या ओट्यावर कुणीतरी त्यांना टोमणा मारला, "आबा, तुमी तं लय कडक निंगाले." ते ओट्यावरून उठले. घरी येऊन म्हणाले, म्हणूनच बाई कधी पातूरला मुक्कामाला राहिली नाही.

आई, तू मुक्कामाला राहिली नाहीस कारण तुझ्या ड्युट्या असायच्या. आणि रविवारची उपासना तुला चुकवायची नसायची. त्यांना ते माहीत होतं, इतकी वर्षं माहीत होतं. माझ्या एका वाक्यानं त्यांच्याजवळ जे खरं होतं तेही बदलून टाकलं. प्रत्येक भाऊबीज आता ते अशी तपासून बघत असतील, की बाई तेव्हा मनात काही धरून दिवा फिरवत होती का.

पोरीच्या पिशवीत ओल्या फडक्यात बांधलेला झेंडू होता. मामांनी दिलेला, तुझ्या कबरेसाठी. सोबत निरोप. तिनं तो तसाच्या तसा म्हणून दाखवला. "बाईले म्हनजो, चुकलं असन तं पोटात घाल." मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "खरं सांग आत्या, आबानं आजीले घरातून काढलं होतं का?"

मी म्हटलं, "छे गं. ते खालचं मराठी चुकलंय. त्या काळी कितीतरी जणांना घरची दारं बंद व्हायची, असं मी म्हणाले होते. त्या मुलानं ते आपल्याच घरावर घातलं."

इतकं नीट, इतकं लगेच आलं ते, की मला स्वतःलाच क्षणभर पटलं. पोरीचा चेहरा मोकळा झाला. "तरीच! मी बाबाले म्हनलंच होतं, आत्या अशी बोलनार नाई." आणि तिनं आणखी एक पोळी वाढून घेतली. मला वाटलं, सुटले. या एका वाक्यानं सगळेच सुटतील. मामांना इंग्रजी येत नाही, घरात कुणालाच तितकं येत नाही, ते कुणी तपासणार नाही.

चार वाजता आम्ही दोघी फुलं घेऊन तुझ्याकडे आलो. पावसानं गवत वाढलंय, तुझ्या दगडाच्या कडेनं मी ते उपटलं. पोरीनं चपला बाहेर काढल्या, तिला कुणी सांगितलं नव्हतं. फुलं वाहिली. मग ती हात जोडून उभी राहिली आणि समोर कुणी बसलं आहे अशी तुझ्याशी बोलायला लागली. "आजी, आबाले वाटलं त्यायचं काही चुकलं. तसं काई नाई वं. ते भाषांतर चुकलं होतं. तू मनात नको ठेवू काई." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बरोबर सांगतलं ना आत्या?"

मी फुलं सारखी करत होते. मी मान डोलावली.

म्हणून हे लिहिते आहे. ते तुझ्या दगडापाशी, माझ्यासमोर, एका निष्पाप पोरीच्या तोंडून बोललं गेलं, आणि मी ते तसंच तिथं ठेवून घरी आले. भाषांतर बरोबर होतं, आई. वाटेत ती रात्री आबांना फोन करून कळवते म्हणाली. त्यावर मी फक्त म्हटलं, नको, मी स्वतः जाऊन सांगीन. तिला वाटलं मी प्रेमापोटी म्हणते. "तू येशीन? मंग तं आबा लय खुश होईन," म्हणाली आणि राजापेठेच्या कोपऱ्यावर उतरून हात हलवत गेली.

तेव्हापासून मी दोन्ही बाजूंनी विचार करते आहे. भाषांतर चुकलं असं सांगितलं तर मामांच्या मनातलं ते दार उद्याच जाईल, ते पुन्हा जेवतील, देवळाच्या ओट्यावर ताठ बसतील. खरं सांगितलं तरी दार जाईल, पण त्याच्या जागी मी येईन. ज्या पोरीला खांद्यावर बसवून त्यांनी मळ्यातली विहीर दाखवली, तिनं परक्या देशात त्यांना विकलं, हे त्यांना या वयात कळेल. कुणासाठी सांगायचं मग ते खरं? त्यांच्यासाठी, की माझं ओझं उतरावं म्हणून? दहा आज्ञांमधली कोणती मोडली हे संडे स्कूलचं पोरसुद्धा सांगेल, त्याला इतका विचार लागत नाही. पण मी आयुष्यभर असाच विचार करत आले, आणि माझ्या विचाराचा शेवट नेहमी मला सोपा पडेल तिथंच झाला आहे, हे मला आता दिसतं. एक गोष्ट मात्र नक्की. भाषांतराचं सांगितलं तर मामा मला जेवायला वाढतील, भाजी बांधून देतील, मला पोचवायला स्टँडवर येतील, आणि ते सगळं मी घेईन. ती म्हातारी मला धरून रडली तेव्हा घेतलं तसंच.

तिलाही कळवायचं आहे. मंडळीतही उभं राहायचं आहे, जिथं टाळ्या वाजल्या तिथंच. ते मी करीन असं आज लिहीत नाही. आधी मामा.

हे पत्र कुठं जाणार नाही, डायरीतच राहील. म्हणून एक सांगून टाकते. दुपारपासून मी ते भाषांतराचं वाक्य मनात दोनदा सुधारून ठेवलं आहे. आता ते दुपारपेक्षाही खरं वाटतं.

उद्या: सकाळच्या एसटीनं अकोला, तिथून पातूर. मामा पाणी विचारतील त्याच्या आधी बोलायचं.